पोटावरची पट्टी

तिला सगळे टाचणी म्हणत. दोन-चार टाचण्या ओठात धरूनच बोलायची तिला सवय, आणि त्या काढून ठेवल्या तरी बोलणं टोचायचं ते टोचायचंच. नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नाही. तिला विचाराल तर म्हणायची, "ज्याला टोचलं असेल त्यानंच."

तिचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. एक मशीन, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा आणि कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा. उंच गिऱ्हाईक आत शिरलं की त्याचं डोकं पायरीच्या खालच्या बाजूवर आपटणार म्हणजे आपटणारच. टाचणी मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "वाका की जरा, इथं काही मोडत नाही वाकल्यानं." नवं शिवण्यापेक्षा जुनं सैल करून द्यायचं कामच जास्त असे, आणि त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. शाळेच्या गणवेशाचं काम मात्र दरवर्षी तिच्याचकडे.

तिची एक रीत होती. कंबर मोजली की ती गिऱ्हाइकाला जुनंच माप ऐकवायची. बाई पाच महिन्यांत चांगली सुटलेली असली तरी ही टेप काढता काढता म्हणणार, "काही फरक नाही हो तुमच्यात, आहे तश्शाच आहात." आणि कापड मात्र बरोबर नव्या मापाला कापणार. खरा आकडा तिच्या डोक्यात. बाई खूश होऊन जायची, कपडा बसायचा, आणि पुढच्या खेपेला चार जणींना घेऊन यायची. "माप शिवायचं असतं, ऐकवायचं नसतं," असं ती म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची! धंद्यात ही रीत बरी, त्यात कुणाचं काय जातं? पण माणसाच्या हाताची सवय दुकानाचं दार लावलं म्हणून दुकानात राहते थोडीच. ती घरी येतेच मागोमाग.

घरी तिची मुलगी होती. तिला काडी म्हणत. जन्मली तेव्हा पोर एवढीशी होती, की बघायला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून आधी गप्पच व्हायच्या. मग कुणीतरी म्हणायची, "जगेल ना गं?" पुढे पोर चालायला लागली तरी हातपाय काटक्यांसारखेच. वरच्या मजल्यावरची एक बाई तर जिन्यात गाठून म्हणाली, "स्वतः खातेस ना? मग पोरीला का उपाशी मारतेस?" टाचणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी एकाला दोन शब्द सुनावणारी ही बाई त्या दिवशी खाली मान घालून घरात आली आणि दाराआड उभी राहून रडली.

त्या दिवसापासून पोरीच्या तोंडात घास नाही असं व्हायचं नाही. नवरा बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथं तुटकी बिस्किटं कामगारांना पिशवी भरून घरी न्यायला मिळत. दूध-बिस्किटं सकाळी, शाळेतून आली की बिस्किटं, अभ्यासाला बसली की समोर ताटली. "खा गं, अंगाला लागू दे," हा घराचा मंत्रच झाला. काडीही गुणी, नको म्हणायची नाही. बाप कौतुकानं म्हणायचा, "अगं, आमच्या मालकापेक्षा हिनंच जास्त खपवलीत!"

आणि लागलं हो अंगाला. पण कुठं लागावं? हात तसेच, पाय तसेच, मान तश्शी बारीक. लागलं ते सगळं पोटाला. नवव्या वर्षापर्यंत पोट असं पुढं आलं की फ्रॉकचा पट्टा वर सरकायचा आणि पुढची घडी उघडीच राहायची. लोक हातपाय बघून अजूनही म्हणत, "काडीच गं तुझी मुलगी, खायला घाल." पोट कुणाला दिसत नव्हतं, कारण टाचणी ते दिसू देत नव्हती.

काय काय केलं तिनं! कंबर चार बोटं वर घेतली. पुढच्या घड्या अशा पाडल्या की सावली पडून पोट आत गेल्यासारखं वाटावं. मागं आतून इलॅस्टिक घातलं. आणि शेवटी, दहाव्या वर्षीच्या गणवेशात, पुढच्या भागाच्या आत बुकरमची दुहेरी पट्टी घातली. बुकरम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड. काडीनं तो फ्रॉक घातला आणि आरशासमोर उभी राहिली, तर पोट सपाट! टाचणी दोन पावलं मागं सरून बघत राहिली. असं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं तिला वाटलं, आणि खरंच झालं नव्हतं.

"टोचतंय आई," काडी म्हणाली.

"नवीन आहे, बसेल अंगासरशी. किती छान दिसतेस बघ."

आणि कंबरेचं माप विचारलं की लेकीलाही जुनंच सांगायची. "बावीस. गेल्या वर्षी होतं तेवढंच." पोर ते खरं मानून चालायची, असं आपलं टाचणीला वाटायचं.

त्याच वर्षी शाळेत मुलांच्या तपासणीला दवाखान्यातली सिस्टर आली. टाचणी नेमकी तिथंच होती. मोठ्या दालनाच्या एका टोकाला ती नव्या गणवेशांची मापं घेत होती, दुसऱ्या टोकाला सिस्टर वजनकाटा मांडून बसली होती. शिक्षिका, मदतीला आलेल्या चार-पाच मुलींच्या आया, रांगेत मुली. सिस्टर चांगली भरलेली बाई, मांड्या-नितंबांनी खुर्ची पूर्ण व्यापलेली. टाचणीनं दुरूनच डोळ्यांनी तिचं माप घेऊन टाकलं होतं.

काडीची पाळी आली. वजन झालं. सिस्टर म्हणाली, "वजन ठीक आहे." टाचणीनं शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या आईकडे बघून भुवया उडवल्या. पण सिस्टरनं पुढं तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा बघितला, कपाळाला आठी घातली, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग तिनं एक दोरी घेतली. काडीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी मोजून कापली आणि मधोमध दुमडली.

"ही निम्मी दोरी कमरेभोवती सहज यायला हवी," ती शिक्षिकेला सांगत होती. "वजनावरून किती आहे ते कळतं, कुठं आहे ते कळत नाही. ही दोरी ते सांगते." तिनं काडीच्या फ्रॉकची बटणं सोडली, आत हात घालून दोरी पोटाभोवती नेली. टोकं जुळेनात. मध्ये चांगली तीन बोटं जागा उरली. "हिची आई आलीय का?"

टाचणी टेप गळ्यात तशीच ठेवून तरातरा तिथं पोचली. "मी आई. काय झालं?"

"बाई, हिचं पोट उंचीच्या मानानं जास्त आहे. आणि रक्तदाब या वयाला चढा लागतोय. दवाखान्यात घेऊन या, डॉक्टर नीट बघतील. पोटाच्या आतली चरबी चांगली नसते, मुलांनासुद्धा. पुढं हृदयाला—"

"हृदयाला?" टाचणीच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. दालनभर सगळी डोकी वळली होती. "हिचे हात बघा, पाय बघा! हिला काडी म्हणतात काडी! आत्ता तुम्हीच म्हणालात ना वजन ठीक आहे म्हणून? आणि चरबीचं म्हणाल सिस्टर, तर आधी आपली खुर्ची बघा, मग लोकांच्या पोरींची पोटं मोजा!"

एक-दोन आया फिस्सकन हसल्या. सिस्टरचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "माझंही जास्तच आहे बाई, मी कुठं नाही म्हणते? पण माझं बरंचसं मांड्यांवर बसलंय. ते मिरवायचं नसतं, पण ते त्यातल्या त्यात गरीब. हिचं आत, काळजाच्या-आतड्यांच्या शेजारी बसलंय. बारीक दिसतात त्या पोरांचंच राहून जातं बघायचं."

"दोरी धरता येत नाही तुम्हाला!" टाचणीनं सिस्टरच्या हातातून दोरी ओढलीच. "मापं घेत हयात गेली माझी. आणा इकडं."

तिनं दोरी फ्रॉकच्या आतून काडीच्या कमरेला घातली आणि ओढली. काडीनं टाचणीच्या तोंडाकडे बघितलं आणि श्वास आत घेतला. टाचणीनं आणखी ओढली. टोकाला टोक लागलं.

"हे बघा! जुळलं की नाही?"

आता मात्र चांगलाच हशा झाला. शिक्षिकाही हसू दाबायला खिडकीकडे वळली. सिस्टरनं काडीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सोडा तिला बाई, दुखत असेल." मग पुढच्या मुलीला बोलावलं. टाचणी जिंकून परत आपल्या टोकाला आली आणि दुप्पट जोरात मापं सांगायला लागली.

संध्याकाळी काडी कपडे बदलत होती. टाचणी टॉवेल द्यायला गेली, तर पोरीच्या पोटाभोवती दोरीचा लाल वळ उठलेला. पाठीकडे जरा खरचटलंही होतं. आणि त्याच्यावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, बुकरमच्या कडांनी उमटलेल्या दोन रेषा. त्या आजच्या नव्हत्या, काळपट पडलेल्या होत्या.

"दुखतंय?"

"नाही," काडी म्हणाली आणि पाठ फिरवली.

टाचणीनं तेल लावलं. हात लावताना तिला स्वतःच्या हाताची लाज वाटली. चार लोकांत आपलं नाक राहावं म्हणून आपण पोरीला दोरीनं आवळलं, हे तिला तिथंच, त्या क्षणी लख्ख कळलं. कळलं, पण म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली का? नाव नको! जायचं म्हणजे त्या सिस्टरसमोर उभं राहायचं. आपण खुर्चीवरून तिला बोललेलं आठवलं की कानशिलं तापायची. मग आज काम आहे, उद्या परीक्षा आहे, परवा पोरीला सर्दी आहे. नवरा एकदा म्हणाला, "अगं, दाखवून तर आण. नसेल काही तर बरंच." तर त्यालाच फाडून खाल्लं, "तुमच्याच त्या पिशव्यांचे उपकार! आधी त्या आणायच्या बंद करा!" बिचारा पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. आपण कुणाचं पाप कुणाच्या माथी मारतोय, हे तिलाही कळत होतं, म्हणून तर आवाज मोठा होता. दवाखान्याच्या रस्त्यानं जायचंच तिनं सोडलं. सिस्टर समोरून दिसली तर बटणं घ्यायच्या निमित्तानं कुठल्याही दुकानात शिरायची.

असे आठवडे गेले. सत्र बदललं, गणवेश घट्ट झाला. टाचणीनं काडीला आरशासमोर उभं केलं आणि गळ्यातली टेप काढली. टेप अजून हातभर लांब होती, तोवर काडीनं पोट आत ओढून श्वास कोंडून धरला. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा वर आलेल्या.

"अगं, सोड श्वास. मला माप घेऊ दे."

काडीनं मान हलवली. दातांतून म्हणाली, "सोडला की बावीसच्या वर जातं."

टाचणी टेप धरून तशीच राहिली. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं? जुनं माप ऐकून गिऱ्हाइकं खूश होऊन जायची. ही पोर ते माप खरं करून दाखवायला श्वास कोंडत होती, आणि आई वाहवा करत होती. टाचणीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिनं टेप गुंडाळली. "वेणी घाल," म्हणाली, "दवाखान्यात जायचंय." आवाज असा निघाला की काडी घाबरलीच.

दवाखान्यात सिस्टर दारातच होती. तिनं टाचणीला ओळखलं, आणि काहीच न बोलता बसायला जागा करून दिली. ती चार शब्द सुनावती तर टाचणीला सोसलं असतं. हे नाही सोसवलं. डॉक्टर वयस्क बाई होत्या, शांत. त्यांनी थांबून थांबून तीनदा रक्तदाब बघितला. रक्त घेतलं. काय खाते, किती झोपते, जन्माला आली तेव्हा केवढी होती, सगळं विचारलं. टाचणी खरं खरं सांगत गेली. बिस्किटांच्या पिशव्यांपाशी तिची जीभ अडखळली, तरी सांगितलं.

"हिला आज काही होत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. जन्मतः बारीक असलेल्या मुलांना घाईघाईनं भरवलं, की पुष्कळदा ते पोटातच साठतं. हात बारीकच राहतात. पण आतल्या आत रक्तदाब चढतो, रक्तात साखर-चरबी वाढते आणि ऐन तरुणपणी हृदयाला ते झेपत नाही. अजून लहान आहे. हे उतरतं, पण आत्तापासून मनावर घ्यायला हवं." मग काडीकडे वळून म्हणाल्या, "खेळतेस की नाही तू? पळतेस?"

काडीनं आईकडे बघितलं. टाचणी म्हणाली, "सांग की."

"नाही पळत."

"का गं? आवडत नाही?"

"आवडतं." काडीनं फ्रॉकची पुढची बाजू चिमटीत धरली. "पण फ्रॉकमध्ये पळता येत नाही. आत टोचतं. वाकलं की पोटात घुसतं. म्हणून मी कडेला बसते. बाई विचारतात तर मी पाय दुखतो म्हणते."

"काय टोचतं? बघू." डॉक्टरांनी फ्रॉकच्या पुढच्या भागावरून बोटं फिरवली. कडक पट्टी बोटांना लागली. "हे काय घातलंय आत? कुणी शिवलं?"

आजवर एवढी कामं केली, पण "कुणी शिवलं?" या प्रश्नाला टाचणीनं कधी मान खाली घातली नव्हती. कुणीही विचारलं की छाती पुढं काढून सांगायची. आता मान खाली गेली. सिस्टर ट्रे घेऊन बाजूला उभी होती, ती जमिनीकडे बघत होती. लेकीचं पोट झाकायला आपण पट्टी घातली, आणि त्या पट्टीनं लेक कित्येक महिने मैदानाच्या कडेला बसली, आणि पोट वाढलं. वाढलं तसं आपण आणखी झाकत गेलो. सगळ्यांत सुरेख काम म्हणून!

"मी शिवलं," ती म्हणाली. "पोट दिसू नये म्हणून."

डॉक्टरांनी ओरडावं अशी तिची फार इच्छा होती. त्या फक्त म्हणाल्या, "काढून टाका."

टाचणीनं तिथंच कात्री मागितली. सिस्टरनं ट्रेमधली दिली. काडीला खुर्चीवर उभं करून, फ्रॉक उलटा धरून तिनं टाके कापायला सुरुवात केली. टाके असे बारीक घातलेले की सुटता सुटेनात. शेवटी सिस्टरनं दुसऱ्या बाजूनं कापड ताणून धरलं. पट्टी निघाली. पोट होतं तसं पुढं आलं.

"सिस्टर," टाचणी खाली बघतच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले…"

"माझं राहू द्या हो. मला रोज कुणी ना कुणी बोलतं. हिचं बघा."

बाहेर दवाखान्याचं फरशीचं अंगण होतं, कडेला एक बाक. रक्ताच्या तपासणीचं कळायला थोडा वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. काडी फ्रॉकच्या सैल झालेल्या कापडाशी चाळा करत होती.

"आई," काडी म्हणाली, "तुला माझी लाज वाटायची ना?"

नाही गं राणी, असं काही नाही गं, अशी तयार उत्तरं टाचणीच्या ओठावर आली. सगळी जुन्या मापाची. तिनं ती गिळली.

"हो," ती म्हणाली. "वाटायची. चुकलं माझं."

काडीनं मान डोलावली. तिला नवीन काही कळलं असं दिसलं नाही. ती उठली, अंगणाच्या पलीकडच्या भिंतीकडे बघत उभी राहिली.

"आता पळू मी? त्या भिंतीपर्यंत?"

"पळ की! विचारतेस काय!"

पण पोर जागची हलेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत ती थोडा वेळ उभी राहिली, आणि मग खाली बघत हळूच म्हणाली, "तू आत जा ना, आई. तू बघत असलीस की मला नाही जमत."

टाचणी उठली. दवाखान्याच्या दारातून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टरनं विचारलं, "काय हो, काय झालं?" तिनं बोट ओठांवर ठेवलं. बाहेर फरशीवर चपलांचा आवाज सुरू झाला होता, आधी दबकत, मग भराभर. टाचणीचे डोळे भरून वाहत होते, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.